परीक्षा देवाची, मग पाकीट कुणाचं?

पत्र थोडक्यात असं: वाचक नाशिकचे ख्रिस्ती गृहस्थ, वय ३८. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी. वडिलांनी उभं आयुष्य दिंडोरी भागात द्राक्षबागा छाटण्यात घातलं. आता त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी, आठवड्याला तीन डायलिसिस. पत्नीची नोकरी गेली आहे, घराचे हप्ते थकले आहेत. अशात एका पुरवठादाराच्या माणसाने बिलावर दोन टक्के ‘चहापाणी’ देऊ केलं. साडेसात लाखांच्या बिलावर पंधरा हजार त्यांनी मार्चमध्ये एकदा घेतले. पुढचं बिल येत्या आठवड्यात आहे. ते विचारतात: “मंडळीत सगळे म्हणतात, देव तुझी परीक्षा पाहतोय, यातून विश्वास वाढेल. माझा तर आटत चाललाय. आणि परीक्षा देवाची असेल तर हे पाकीटही त्यानेच पाठवलं का? उपासनेला जाणं बंद केलंय. कुठल्या तोंडाने जाऊ?”

प्रिय भाऊ,

प्रभूच्या नावात सलाम.

पाकिटाचं आधी सांगतो, कारण तिथे शंकेला जागा नाही. ते देवाने पाठवलेलं नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडा. दुसऱ्या वचनात तो सांगतो, नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागलं तर आनंद माना. आणि तेराव्या वचनात सांगतो, देवाने मला मोहात घातलं असं कुणी म्हणू नये. घोटाळा होतो तो भाषेमुळे. मूळ ग्रीकमध्ये परीक्षा आणि मोह यांना एकच शब्द आहे, पेइरास्मोस. मराठीत आपण संदर्भ पाहून कुठे एक शब्द वापरतो, कुठे दुसरा. प्रभूची प्रार्थना म्हणतानासुद्धा काही मंडळ्या ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणतात, काही ‘मोहात पडू देऊ नकोस’.

पण शब्द एक असण्यात एक खरेपणाही आहे. वडिलांचं दुखणं ही परीक्षा आणि पाकीट हा मोह, अशा या दोन वेगळ्या टपालाने आलेल्या गोष्टी नाहीत. तंगी ज्या दाराने आत आली, त्याच दाराने पाकीट आलं. पुरवठादाराच्या माणसाला तुमच्या घरची परिस्थिती माहीत नव्हती, असं समजू नका. म्हणून पहिलं काम: कागदावर मधोमध एक रेघ ओढा. डावीकडे तुमच्या वाट्याला आलेलं लिहा: किडनी, हप्ते, पत्नीची नोकरी, रात्रीची जागरणं. उजवीकडे त्यामुळे तुम्हाला जे करावंसं वाटतं ते: पाकीट, बायकोपासून लपवणं, चर्चला न जाणं. डावीकडचं तुम्ही निवडलेलं नाही आणि त्याबद्दल तुम्हाला कुणाची क्षमा मागायची गरज नाही. उजवीकडच्या एकेका ओळीवर मात्र तुमचा हात चालतो. अपराधीपणाने माणूस पिचतो तेव्हा बहुतेक वेळा या दोन बाजू एकमेकींत कालवलेल्या असतात: जे हातात नव्हतं त्याबद्दल तो रडतो, आणि जे हातात आहे त्याला ‘परिस्थिती’ म्हणतो.

आता उजवी बाजू जवळून पाहू. याकोब १:१४-१५ मध्ये मोहाची चाल टप्प्याटप्प्याने दिली आहे: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलवला जातो, वासना गर्भवती होते, पाप जन्मतं, ते वाढून मरणाला जन्म देतं. ‘भुलवला जातो’ या ठिकाणचं मूळ क्रियापद गळाला आमिष लावण्याचं आहे. तुमच्या पत्रावरून तो दिवस असा दिसतो: दुपारी चारला फोन, “साहेब, सुटल्यावर चहा घेऊ.” साडेपाचला गेटबाहेरची टपरी. मग इकडचं तिकडचं, वडिलांची चौकशी. मग डायरी पुढे येते, डायरीत पाकीट. तुम्ही लिहिता, “त्या क्षणी नाही म्हणायची ताकद नव्हती.” नसणारच. त्या क्षणापर्यंत लढाईचा पाऊण भाग होऊन गेलेला असतो. कटिंग चहा प्यायलेला, वडिलांची विचारपूस स्वीकारलेली, माणूस ‘आपला’ झालेला. ताकद लागत होती ती चारच्या फोनवर, आणि तिथे ती फारच थोडी लागली असती: “भेटायचं असेल तर उद्या अकराला ऑफिसात या, स्टोअरचे साहेबही असतील.” एवढं एक वाक्य.

१ करिंथ १०:१३ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की परीक्षेबरोबर देव तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. तिथला शब्द बाहेर पडायच्या वाटेचा आहे. ही वाट बहुधा सुरुवातीलाच असते, शेवटाला नाही. म्हणूनच पुढच्याच वचनात तो ‘पळा’ म्हणतो, ‘झुंजा’ म्हणत नाही. जुन्या करारातल्या योसेफाचं वस्त्र त्याच्या धन्याच्या, पोटीफराच्या बायकोने धरलं तेव्हा तोही वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून निघाला. (आणि त्याचं बक्षीस म्हणून तुरुंगात गेला. ते पुढे बोलू.)

याच वचनावरून आपल्याकडे एक वाक्य सर्रास फिरतं: ‘देव आपल्याला झेपेल तेवढंच दुःख देतो.’ आजारी माणसाच्या उशाशी बसून हे म्हणू नये. पौल तिथे दुःखाबद्दल बोलतच नाही, करिंथच्या लोकांना मूर्तिपूजेच्या मोहाबद्दल सांगतो आहे. दुःखाबद्दल तो २ करिंथ १:८ मध्ये बोलतो आणि तिथे उलटंच लिहितो: आमच्यावर शक्तीपलीकडे भार आला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. तेव्हा आठवड्याला तीन डायलिसिस तुम्हाला झेपत नसतील तर त्याचा अर्थ तुमचा विश्वास कच्चा आहे असा होत नाही. झेपत नाही म्हणा. पौलाने म्हटलं.

आता तुमचा खरा प्रश्न: परीक्षेने विश्वास वाढतो म्हणतात, मग माझा कमी का होतोय? इथे वडिलांचं काम उपयोगी पडेल. त्यांना विचारलंत तर ते आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. एप्रिलची खरड छाटणी आठवा. माल निघून गेलेला, ऊन चाळीसच्या घरात, आणि हिरव्या वेलीच्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडापर्यंत, खरडून टाकायच्या. बाहेरच्या माणसाला बाग मेली असं वाटतं. पण त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीत, पुढच्या दीड-दोन महिन्यांत सूक्ष्म घड तयार होतात, नजरेला न दिसणारे. ऑक्टोबरची गोडी छाटणी ते घड बाहेर काढते, निर्माण करत नाही. आणि हेही तुमचे वडील सांगतील की खरड छाटणी केली म्हणजे घड आलाच असं नसतं. त्या काळात फुटींची विरळणी केली नाही, काड्या पानांच्या गर्दीत दबल्या, उन्हाचा कवडसा डोळ्यांपर्यंत पोचला नाही, पाणी आणि नत्र जास्त झालं, की वेल फोफावते, दिसायला झकास दिसते, आणि ऑक्टोबरात घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे तणावे, निघतात. कात्री तीच, वेळ तीच, पण फूट वांझ.

योहान १५:२ मध्ये येशू म्हणतो, फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून पिता तो साफसूफ करतो. त्याच्या देशात वेलीची मुख्य छाटणी हिवाळ्यात होई. आपली दोन छाटण्यांची रीत वेगळी. पण गोष्ट तीच आहे. छाटणीने घड येत नाही. छाटणीनंतर डोळ्यांवर ऊन पडलं तर येतो. ‘संकटाने विश्वास वाढतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. संकटाने माणसं कडवट होतात, देवाला सोडतात, खोटं बोलायला शिकतात. रोम ५:३-४ मध्ये संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा अशी साखळी आहे. तिच्यातली धीराची कडी आपोआप जुळत नाही. तुमच्या बाबतीत गर्दी कशाची झाली आहे? लपवण्याची. पाकीट पत्नीला माहीत नाही, पाळकांना माहीत नाही, आणि देवाशी बोलायचं म्हटलं तर ते मध्ये येतं म्हणून प्रार्थनाही बंद. विश्वास आटला तो दुखण्याने नव्हे, अंधाराने. लपवणं मार्चपासूनचं आहे. दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा विश्वास कसा होता, आठवून पाहा.

पैशाचं काय करायचं, हे सविस्तर लिहितो, कारण लोक नेमके इथे चुकतात.

पहिली चूक: दानपेटीत टाकणं. करू नका. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेली चांदीची तीस नाणी मंदिराच्या खजिन्यात टाकायला मुख्य याजकांनीसुद्धा नकार दिला होता, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी चूक: त्या माणसाला टपरीवरच गुपचूप परत देणं. त्याचा पुरावा राहत नाही, आणि तुम्ही एकदा घेतले होते ही गोष्ट त्याच्या हातात तशीच राहते. मुख्य म्हणजे ते पैसे त्याचे नाहीतच. दोन टक्के त्याने स्वतःच्या खिशातून दिले असं वाटतं. ते दरात आधीच चढवलेले असतात. पंधरा हजार तुमच्या कंपनीचे गेले. म्हणून ते तिथेच परत जायला हवेत. लेवीय ६:५ मध्ये अशा प्रकरणासाठी हिशोब दिला आहे: मुद्दल पूर्ण, वर पाचवा हिस्सा. म्हणजे पंधरा अधिक तीन, अठरा हजार. (जक्कय जकातदाराने चौपट दिलं, पण ती त्याची स्वतःची घोषणा होती, तुमच्यावर हप्ते आहेत.)

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी पत्नीला सांगा, आणि एकदाच पूर्ण सांगा. तुकड्या-तुकड्याने सांगितलेलं दर वेळी नवं खोटं वाटतं. नंतर एखाद्या वकिलाशी तासभर बोला. खासगी कंपनीतलं असलं तरी हे कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, आणि लेखी काय द्यायचं ते त्यांच्याशी ठरवूनच द्या. मग कंपनीत: तुमच्या वरिष्ठांना, किंवा कंपनीच्या आचारसंहितेत अशा तक्रारींसाठी वेगळा अधिकारी नेमला असेल तर त्याला. तारीख, बिलाची रक्कम, मिळालेली रक्कम, परत करायची तयारी, एवढंच. वडिलांचं आजारपण त्या पत्रात लिहू नका. ते खरं आहे, पण तिथे लिहिलं की सबब होतं. आणि न सांगता अकाउंटला पैसे भरू नका. खातं जुळणार नाही आणि उलटे प्रश्न येतील.

नोकरी जाऊ शकते. इथे तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. योसेफाने बरोबर ते केलं आणि तो कैदेत पडला. ‘माझी आठवण ठेव’ असं योसेफाने सांगूनही कैदेतून सुटलेला राजाचा प्यालेबरदार विसरला, आणि त्यानंतर आणखी दोन वर्षं योसेफ आतच होता. खरेपणाचं बिल कधी कधी येतंच. म्हणून सांगण्याआधी घरी दोन महिन्यांच्या खर्चाचा हिशोब मांडून ठेवा आणि हप्त्यांसाठी बँकेशी आधीच बोला. नोकरी राहिली तर त्या पुरवठादाराची फाइल दुसऱ्याकडे द्यावी अशी स्वतःहून विनंती करा, आणि यापुढे कुठल्याही मालासाठी तीन दरपत्रकं घेऊनच पुढे जा. तीन कागद समोर असले की दोन टक्के लपवायला जागा कमी राहते.

‘कुठल्या तोंडाने जाऊ’ याबद्दल. सराफ बाजारात सोनार कसोटीवर सोनं घासतो तेव्हा त्या काळ्या दगडाने सोन्यात भर पडत नाही आणि भेसळही होत नाही. होती तेवढी दिसते. मार्चमध्ये तुमची भेसळ दिसली. ती फेब्रुवारीतही तेवढीच होती, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हती. शिष्य पेत्राचं तेच झालं, संकटात त्याने येशूला ओळखत नाही म्हटलं. लूक २२:३१-३२ नीट वाचा: सैतानाने ‘तुम्हाला’ चाळायला मागितलं, असं येशू सगळ्यांबद्दल म्हणतो, पण ‘मी तुझ्यासाठी विनंती केली’ हे एकट्या पेत्राला. आणि पेत्र नाकारणार हे ठाऊक असताना पुढे म्हणतो, तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. पडणं गृहीत धरून पुढचं काम सांगून ठेवलेलं. योहानाने एक बारकावा टिपला आहे. पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत होता (१८:१८), आणि तिबिर्या सरोवराच्या काठावर येशूने त्याला तीनदा प्रीतीबद्दल विचारलं तेव्हाही कोळशाचाच विस्तव होता (२१:९), त्यावर मासळी. आधी न्याहारी झाली, मग प्रश्न. तेव्हा रविवारी जा. मागच्या बाकावर बसा, हवं तर प्रभुभोजनाच्या आधी पाळकांशी बोला, पण जा.

सांगायला माणूस एकच निवडा: पाळक, किंवा एखादे वयस्क ज्येष्ठ ज्यांनी कुणाची गोष्ट बाहेर नेल्याचं तुम्ही कधी ऐकलेलं नाही. घरसभेत प्रार्थनाविनंती म्हणून सांगू नका. आपली माणसं प्रेमळ आहेत, पण मंगळवारी शरणपूर रोडला सांगितलेली विनंती शुक्रवारपर्यंत नाशिक रोडला पोचते, आणि वाटेत पंधरा हजारांचे दीड लाख होतात. सोळाव्या शतकातले संत इग्नाशिअस लोयोला यांनी अशा काळासाठी काही नियम लिहून ठेवले आहेत; ते कॅथलिक, तुम्ही कदाचित नसाल, पण दोन नियम कुणालाही लागू पडावेत असे आहेत. एक: मोहाला गुप्तता प्रिय असते, विश्वासू माणसापुढे तो उघडा पाडला की त्याचा जोर ओसरतो. दोन: मन कोरडं पडलं असताना, देव दूर वाटत असताना, चांगल्या काळात केलेला निश्चय बदलायचा नाही. ‘आता चर्च नको’ हा निर्णय तुम्ही कोरड्या काळात घेतला आहे. म्हणून तो तूर्त रद्द समजा.

प्रार्थना जमत नसेल तर स्वतःची शब्दरचना करू नका. स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो, आणि सूर बदलतो तो पाचव्या वचनापाशी. पाचवं वचन मनापासून म्हणवत नसेल तर चौथ्यावर थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. सकाळी दहा मिनिटं, उठल्यावर, मोबाइल हातात घ्यायच्या आधी. शिवाय अरण्यात सैतानाने मोहात घातलं तेव्हा येशूने तिन्ही वेळा दिलेली उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. ती त्याने त्या क्षणी शोधली नाहीत, आधीपासून पाठ होती. तुम्हीही त्या दोन अध्यायांतलं एकच वचन पाठ करा, आणि त्याच्या जोडीला फोनवर बोलायचं ते वाक्य. वाक्य मोठ्याने म्हणून पाहा, दहा वेळा. पहिल्यांदा जीभ अडखळते.

आणि झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी दोनदा खाऊ घातलं आणि झोपू दिलं, शब्द नंतर आला. येशूलाही मोह आला तो चाळीस दिवस उपाशी असताना. डायलिसिसच्या रात्रीनंतरच्या दिवशी कुठलाही पैशाचा निर्णय घेऊ नका, कुठल्या पुरवठादाराला भेटू नका. जागरणाची पाळी भावाबहिणींत वाटून घ्या. गलती ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहा असं आहे, तेव्हा मागायला लाजू नका.

शेवटचं वडिलांबद्दल. पत्रात तुम्ही डायलिसिसचा सगळा खर्च खिशातून करता असं दिसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, टेबल असतो; वडिलांचं रेशन कार्ड, आधार आणि नेफ्रॉलॉजिस्टचे कागद घेऊन तिथे जा आणि सध्याच्या केंद्रावर ही सवलत मिळते का, नसेल तर जवळचं कुठलं, हे विचारा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. रेशन कार्डावर वडिलांचं नाव दिंडोरीच्या पत्त्यावर असेल तर आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, कारण पुष्कळदा अर्ज तिथेच अडकतो. हे काम पुरवठादाराचं बिल येण्याआधी, सोमवारीच करा.